खाडीच्या चिखलाची चाळणी

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. पण स्वयंपाकघरातली नव्हे. माझ्यातून कधी पीठ गेलं नाही, खाडीचा चिखल गेला. पितळी कडं आणि अर्ध्या मिलिमीटरच्या भोकांची जाळी घेऊन मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले आणि तिथून डहाणूच्या खाडीवर.

ओहोटीला तळाचा चिखल काढायचा, माझ्यात टाकायचा आणि पाणी ओतत मला हलवत राहायचं. गाळ खाली जायचा. वर उरायचे दोऱ्यासारखे केसाळ किडे, कणीएवढ्या शिंपल्या, पायच पाय असलेले इवले कवचवाले. हे जीव चिखल उकरतात, त्यात हवा खेळवतात, आणि बोय मासे नि कोळंबी त्यांच्यावर पोसतात. कुठे कोण किती राहतं, यावरून खाडीची तब्येत कळते. "ही चाळणी एक जीव सोडत नाही," असं कॉलेजचे मोठे सर म्हणायचे. तेव्हा मी खुंटीवर फुगून बसायचे.

पुढे विद्यार्थी बदलले, घाई वाढली. अडकलेले शंख पाडायला कोणीतरी मला होडीच्या काठावर आपटलं, मग तीच सवय झाली. एका बाजूला जाळी कड्यापासून सुटली. बोटभर फट, गाळाने झाकलेली. खरं सांगू? चिखल भराभर उतरू लागला तेव्हा मला हलकं वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी गप्प राहिले. त्याची मला आजही लाज वाटते.

त्या वेळी निलम नावाची विद्यार्थिनी मला घेऊन काम करत होती. सहा महिने तिच्या वहीतले जीव कमी होत गेले. शेवटी आगर वस्तीजवळच्या चिखलाबद्दल तिने लिहिलं, 'येथे जीव जवळजवळ नाहीतच.' तिथे भराव टाकायचा का, हे ठरवणारे लोक तिचाच तक्ता बघणार होते.

त्याच चिखलात शिंपल्या वेचणारी जिवलीमावशी एकदा जवळ येऊन थांबली.

"काय गावलं, पोरी?"

"काही नाही मावशी. मेलाय हा चिखल."

मावशीने माझ्याखालच्या घमेल्यात हात घातला आणि तळवा निलमपुढे धरला.

"मेला? मंग ह्ये काय वळवळतं? तुझी चाळण फाटेल हाय. आमी इथंच जगतो. मेलेल्यावर कोन जगंल?"

निलमने मला धुऊन उन्हाकडे धरलं आणि फटीतून बोट आरपार घातलं. तक्ता आदल्याच आठवड्यात सरांकडे गेला होता. ती गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. मी तसंच केलं होतं.

तिने चिखलाच्या हातांनीच फोन लावला. "सर, तक्ता मागे घ्या. चाळणी फाटलेली होती, मी तपासली नाही. सहा महिन्यांचं काम परत करते." पलीकडचा आवाज चढला. ती रडत होती, पण फोन कानापासून हलला नाही.

आता तिच्या हाती नवी चाळणी आहे आणि मी कपाटात. भरावाचं काय ठरलं, मला कोणी सांगत नाही.

मित्रांनो, हातातलं अवजार आपटू नका आणि बिघडलं तर लपवू नका. कुठलीही जागा रिकामी म्हणण्याआधी आपलं अवजार एकदा उजेडात धरा. माझ्या फटीतून निसटलेले जीव निलम पुन्हा मोजते आहे. त्यांच्यावर एकदा भराव पडला, तर मोजायला खाली कोणी उरणार नाही.