अप्पांचं स्लो नेट

मंगळवारी संध्याकाळी अप्पांचा फोन आला तो नेहमीचीच तक्रार घेऊन. "श्री, नेट लई स्लो हाय की गं."

श्रीदेवीने पुण्यातल्या ऑफिसात बसून सोलापूरच्या घरातल्या राउटरचं पान उघडलं. नेटवर्कवर नजर ठेवणं हाच तिचा पेशा. लाईन ठणठणीत होती. किती डेटा आला, किती गेला, या रकान्यांत मात्र जवळजवळ शून्य. हे नेट बंगळूरच्या भावाने, संगमेशने, व्हिडिओ कॉलसाठी बसवलेलं. त्यासाठी दिलेला टॅब कपाटात आईच्या साडीत गुंडाळलेला होता आणि अप्पांचा मोबाईल बटणांचा. नेट स्लो वाटायला आधी ते वापरावं लागतं.

"लाईन चांगली आहे, अप्पा. एकदा बंद करून चालू करा."

"करतो. जेवलीस का?"

"मीटिंग आहे. ठेवते."

रोज हेच. तिला शून्य दिसायचं आणि ती इमानदारीने लाईनची तब्येत सांगायची. अप्पांच्या तब्येतीचा त्या पानावर रकाना नव्हता. बुधवारी पहाटे ते गेले. राउटर चालूच होता.

तिसऱ्या दिवशी घर भरलं आणि डेटाचा तो आकडा पहिल्यांदाच उसळला. अक्कलकोटच्या पाहुण्यांनी आधी पासवर्ड विचारला, मग अप्पांना काय झालं ते. श्रद्धांजलीला संगमेश उभा राहिला.

"अप्पा काळाच्या पुढे होते. या वयातही त्यांना नेटशिवाय करमत नसे. जरा स्लो झालं की लगेच श्रीला फोन! आणि श्रीनेही एवढ्या लांबून त्यांना कधी अडचण येऊ दिली नाही."

माना डोलल्या. शेजारच्या कमलम्मांनी डोळे पुसले. "लेक असावी तर अशी."

"श्रीअक्का, तूबी दोन शब्द बोल की," चुलतभाऊ अभिमन्यू मोबाईलवरून मान न उचलता म्हणाला. "आन् जमलं तर नेट बघ. लई अडकतंय."

ती उठली. दोघांतिघांनी आशेने राउटरकडे पाहिलं. ती अप्पांच्या फोटोसमोर जाऊन थांबली.

"अप्पा, नेट कधीच स्लो नव्हतं. तुम्ही ते वापरतच नव्हता, मला रोज दिसायचं. तुम्हाला माझ्याशी बोलायचं असायचं, तेही कळायचं. लाईनचं बोलणं लवकर संपतं, म्हणून मी तेवढंच बोलत राहिले."