केसरबाईची सही

धाड गावच्या बाजाराच्या रस्त्यावर केसरबाईचं चार खोल्यांचं घर. तिच्या नवऱ्यानं, पुंजाजीनं, ते एका सरकारी खात्याला ऑफिससाठी भाड्यानं दिलं होतं. सरकारचे जावई सगळ्यांनी पाहिलेत. इथं सरकारच जावई होऊन बसलं. पुंजाजी वारला, करार संपला, तरी उठायचं नाव नाही. केसरबाई मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायची आणि ‘घर कधी सोडता’ हे विचारायला आपल्याच ओसरीवर साहेबांची वाट बघत तासन्‌तास उभी राहायची. आपल्या घरात डोळे मिटावेत, एवढंच तिचं मागणं होतं.

शेवटी ती कोर्टात गेली. कोर्टानं घर खाली करायचा हुकूम दिला. खातं वर नागपूरला हायकोर्टात गेलं, तिथंही हरलं आणि तीन महिन्यांत सोडतो असं लिहून देऊन आलं. तीन महिन्यांचे चौदा झाले. मग तिच्या बाजूच्या मधुवंती वकीलबाईंनी अवमानाचा अर्ज टाकला.

“माह्या अवमानाचा?” केसरबाईनं विचारलं.

“तुमचा नाही हो मावशी, कोर्टाचा.”

हे काही तिला उमगेना. ओसरीवर ताटकळली ती, आणि अपमान झाला एवढ्या मोठ्या कोर्टाचा? या विचारानं नागपूरपर्यंत गाडीत तिचा डोळा लागला नाही.

कोर्टात तिनं पाहिलं आणि ती थिजलीच. ज्यांच्या दाराच्या पडद्याला हात लावायला ती भ्यायची, ते साहेब हात बांधून उभे होते. सरकारी वकिलांनी एक कागद वर दिला आणि इंग्रजीत बरंच बोलले. मधुवंतीबाईंचा चेहरा उतरला.

“मावशी, ते म्हणतात घराचा ताबा कधीच दिला. पंचनाम्यावर तुमचा अंगठा आहे.”

“अंगठा?” केसरबाईचा आवाज एकदम चढला. “मी काऊन अंगठा देईन? मी तं सही करतो!”

सगळं कोर्ट वळून बघू लागलं. आता आपल्यालाच धरून नेतात, असं तिला वाटलं. पण न्यायाधीश मराठीतच बोलले, “आजी, सही येते तुम्हाला?”

“येते जी. साक्षरतेच्या वर्गात शिकलो. सरकारनंच शिकवली.”

न्यायाधीशांनी तिला कागद आणि पेन द्यायला सांगितलं. वर्गातल्या बाईंनी बजावलं होतं, नाव अर्धं लिहायचं नाही. केसरबाईनं ‘क’ काढला, मात्रा दिली, ‘स’ला गाठ मारली. मग नवऱ्याचं नाव, मग गाव. प्रत्येक शब्दावर तिनं रेघ ओढली. मध्येच तिनं मान वर केली. पंखा फिरत होता आणि बाकी कोणीही हलत नव्हतं. काळे कोट थांबले होते, साहेब थांबले होते, वर बसलेले न्यायाधीशही थांबले होते. माह्या एका सहीसाठी हायकोर्ट थांबलं, असं मनात आलं आणि तिचे डोळे भरून आले.

न्यायाधीशांनी सही पाहिली, मग तो अंगठा पाहिला. “हा अंगठा कुणाचा, त्याची चौकशी होईल,” ते साहेबांना म्हणाले. “परवा सूर्य मावळायच्या आत किल्ली तुम्ही स्वतः यांच्या हातात द्यायची. नाहीतर पुढच्या तारखेला येताना कपड्यांची पिशवी सोबत आणा.”

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कपाटं, टेबलं, खुर्च्या सगळं टेम्पोत चढलं. साहेबांनी किल्ली दिली. पोचपावतीचं रजिस्टर निघालं, तसं ऑफिसातल्या सहदेव बाबूनं सवयीनं शाईचं पॅड उघडून केसरबाईपुढं धरलं.

“ठेव ते आत!” साहेब खेकसले. त्यांनी खिशातलं स्वतःचं पेन काढून तिला दिलं. टेबल तर गेलं होतं, तेव्हा रजिस्टरही त्यांनाच दोन्ही हातांवर धरावं लागलं.

केसरबाईनं किल्ली कमरेला खोचली आणि लिहायला घेतलं. नाव, नवऱ्याचं नाव, गाव. घाई कसलीच नव्हती. तिची शेवटची रेघ पुरी होईपर्यंत साहेब ओसरीवर उभे होते.