गडग्यावरची शिखर परिषद

तोंडवलीच्या कॉनरॅडच्या घरी त्या आठवड्यात एकच विषय होता. लेक ग्लेनिशा हिला विद्यापीठात जाऊन आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे होते, आणि तिने नर्सिंग करून मावशीसारखे आखातात जावे, असे बापाचे म्हणणे होते.

“दोन देशांचा भांडण, तू मधी पडान काय करतलंस?” कॉनरॅड विचारी.

भांडणाचा त्याला अनुभव दांडगा. शेजारच्या महादूशी कित्येक पावसाळे अबोला होता. महादूने समुद्राकडची पायवाट काट्या टाकून अडवली आणि कॉनरॅडने आपल्या विहिरीचे गोडे पाणी त्याला बंद केले. आधी काय घडले, हे सांगणे कठीण. दोन्ही घरांत इतिहास वेगवेगळा शिकवला जाई. दोघांकडेही पर्यटक उतरत. कॉनरॅडचे पाहुणे अर्धा गाव हिंडून किनाऱ्यावर पोचत, महादूचे मचूळ पाण्याला नाक मुरडत.

हा तंटा मिटवला तर शिकायला पाठवाल का, असे ग्लेनिशाने विचारले. कॉनरॅड हसत हो म्हणाला. महादूला तो पुरता ओळखून होता.

तिने दोन्ही घरांशी बोलणी सुरू केली. चूक कोणाची हे तिने विचारलेच नाही, फक्त कोणाचे काय अडते ते विचारले. घोडे पेंड खात होते ते एकाच ठिकाणी: आधी कोणी कोणाची पायरी चढायची?

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून कॉनरॅड घरी आला, तर हद्दीवरच्या बुटक्या दगडी गडग्याला लागून खुर्ची मांडलेली! गडग्यापलीकडे, आपल्याच अंगणात, महादू बसलेला. चिऱ्यांवर चहाचे दोन कप.

“पपा, तुमीय आपल्याच खळ्यात बसा. मोठे देशय असाच करतत. मान खाली न घालता माणसाक मागे फिराक वाट ठेवची लागता.”

कॉनरॅड बसला. मग महादूने घोट घेतला.

“तुझ्या बावीचा पाणी मा ह्या? चव वळाखलंय.”

कॉनरॅडला एकदम भरून आले. “सांजेक पंप लावतंय,” एवढेच तो म्हणाला. महादू उठला आणि काट्या काढायला कोयता घेऊन आला.

संध्याकाळी कॉनरॅडने लेकीला विचारले, “तुझो तो विद्यापीठाचो अर्ज भरलंस?”

“तुमी हो म्हणाक होया होतात.”

“मगे बसलंस कित्याक?”

मंडळी, भांडायला शिक्षण लागत नाही, मिटवायला लागते. जग समजून घेऊ पाहणाऱ्या मुलांना ‘ह्याचा उपयोग काय’ म्हणून अडवू नका. आणि तुमच्याही गडग्यापाशी एक खुर्ची मांडून बघा. पलीकडचा माणूस बहुधा चहाचीच वाट बघत असेल.