किनारा कोणाचा?

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. सपाट बुडाची, दोन वल्ह्यांची आणि शहर पोलिसांची. माझ्या रंगाचे पोपडे निघालेत, पण माझी कीव कोणी करायची नाही. मी कोणाच्याच वाट्याला आले नाही, तरी मोडीत निघाले नाही. कशी, ते ऐका.

मला बांधणारा सुतार म्हणे, "हिला गुडघाभर पाणीसुद्धा पुष्कळ." तेव्हा धक्क्याजवळ एकच पोलीस ठाणं होतं. चोर पळाला की जीप निघे, कोणी बुडू लागलं की मी निघे. मी कितीतरी माणसं काठाला आणली. शिपाई माझ्या पाठीवर थाप मारत, तेव्हा मला फार बरं वाटे.

मग शहर वाढलं आणि पोलिसांची वाटणी झाली. इमारतीच्या पुढच्या बाजूला जमीन विभाग, धक्क्याकडच्या बाजूला सागरी विभाग. साहेब वेगळे, नियंत्रण कक्ष वेगळे, वायरलेससुद्धा वेगळे. भाऊबंदकीत भांडी वाटतात तसं सगळं वाटून झालं आणि माझी पाळी आली. सागरी साहेब म्हणाले, "इंजिन नाही, ही बोट कसली?" जमिनीचे साहेब म्हणाले, "चाकं नाहीत, ही गाडी कसली?" झालं! मला ठाण्यामागे पालथं टाकलं. लोक माझ्यावर बसून चहा पीत. कोणीतरी खडूने माझ्यावर 'भंगार' लिहिलं. मला संताप आला, पण मीही हट्टी. एक फळी सुटू दिली नाही.

वाटणीच्या हुकमात म्हटलं होतं: किनाऱ्यापर्यंत जमीन विभाग, किनाऱ्यापासून सागरी विभाग. ऐकायला किती सोपं! पण आमचा किनारा ओहोटीला चिखल ओलांडून पार लांब जातो आणि भरतीला ठाण्याच्या भिंतीशी येतो. हे हुकूम काढणाऱ्याच्या गावीही नव्हतं.

एका सकाळी शिंपले वेचणाऱ्या आजी त्या चिखलात मांडीपर्यंत रुतल्या. भरती सुरू झाली होती. त्यांची सून धावत ठाण्यात आली. "सासूबाई रुतल्यात हो! पाणी चढतंय!"

जमिनीच्या साहेबांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "किनारा इथे संपला. सागरीला कळवा."

फोनवर सागरी साहेब म्हणाले, "तिथे आमची बोट चिखलाला टेकते. पाणी येईपर्यंत ती जमीनच."

तिकडून आजी ओरडल्या, "हद्द ठरली की सांगा रे! मी काही कुठे जात नाही!"

जमीन विभागाच्या हवालदारबाई तरातरा माझ्याकडे आल्या. मागोमाग सागरी विभागाचे तांडेल आले. बोट हाकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. दोघांनी मला सुलटं केलं.

"अहो बाई, ती होडी कोणाच्या ताब्यात आहे?" जमिनीच्या साहेबांनी विचारलं.

"कोणाच्याच नाही, साहेब. म्हणूनच नेतेय. परवानगी मागू कोणाकडे?"

एक पाय माझ्यात आणि एक चिखलात, असं रेटत दोघांनी मला घसरत नेलं. पोहोचलो तेव्हा पाणी आजींच्या छातीशी होतं. हवालदारबाईंनी आडवं पडून त्यांच्या काखेत हात घातले.

"माझी टोपली!" आजी म्हणाल्या.

"आजी, आधी तुम्ही!"

पाण्याने चिखल सैल झाला आणि मलाही उचललं. मी तरंगले. इतक्या वर्षांनी! बाईंनी ओढल्यासरशी आजी सुटून माझ्या पोटात आडव्या झाल्या आणि तांडेलांनी वल्ही हाणली.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही विभागांची झाले, बरं का! दोघेही साहेब 'आमची होडी' म्हणू लागले. सत्कार म्हणून मला फाटकाशी चौथऱ्यावर चढवलं आणि फुलझाडं लावायला माझ्यात घमेली घमेली माती ओतली. मी गुदमरले. हा सत्कार होता की पुरणं?

तेवढ्यात आजी सुनेबरोबर आल्या. बघून कडाडल्या, "जिने मला मातीतून काढलं, तिलाच मातीत घालता?"

हवालदारबाईंनी फावडं उचललं आणि जमिनीच्या साहेबांनी निमूटपणे घमेलं पुढे धरलं.

मित्रांनो, आता मी भिंतीजवळ उताणी असते. तुम्हाला माझं कौतुक वाटत असेल, तर हार आणू नका. डांबर आणा, फळ्यांच्या भेगा भरा आणि वल्ही जागेवर ठेवा. उद्या पुन्हा कोणी रुतलं तर मला जायचंय.