नवऱ्याचे कान

कोवळ्या उन्हात अंगणात बसला की माझ्या नवऱ्याचे कान मागून लाल दिसतात. पळसाच्या पाकळीसारखे पातळ, आत बारीक शिरा असलेले. मोठे आहेत आणि थोडे पुढे वळलेले. नागझिऱ्याच्या जंगलात तो पर्यटकांना वाघ दाखवतो. पण आधी तो वाघ ऐकतो. जिप्सी थांबवायला सांगतो, कानामागे तळहाताचा द्रोण धरतो आणि मान हळूहळू फिरवतो, हरणं जशी नुसते कान फिरवतात तशी. वारा, वाळलं पान, पाण्यात पडलेलं फळ, सारं त्या द्रोणात जमा होतं. मग म्हणतो, “सांबर ओरडून राहिलं. तिकडं वाघ असन.” पर्यटक हसतात, “भैया, कान है या रेडिओ!” हे तो घरी येऊन स्वतःच सांगतो.

माझा आवाज लहानपणापासून बारीक. मी काही बोलले की तो विचारतो, “तोंडात दही जमवून राहिली का वं?” सासू हसते. मीही हसते.

एका वर्षी धानाच्या कापणीत माहेरून, देवरीहून दादाचा फोन आला. आईनं अंथरूण धरलं होतं, ती माझी वाट पाहत होती. दुपारी नवऱ्याच्या ताटात भात वाढताना मी म्हणाले, “आईकडं जाऊन येऊ का? जास्त झालं तिचं.” तो जेवत राहिला. दारात मी पुन्हा म्हणाले. त्यानं चपला घातल्या आणि तो गेला. तिसऱ्यांदा मोठ्यानं म्हणायचं होतं. संध्याकाळपर्यंत विळा चालवत मी तेवढंच वाक्य मनात घोकत राहिले, आणि तो आल्यावर पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवून चुलीकडं वळले. दोन दिवसांनी आई गेली.

मी माझ्या आवाजालाच दोष देत होते. आईला स्मशानात पोहोचवून आल्यावर माहेरच्या अंगणात दादानं माझ्या नवऱ्याला विचारलं, “जवाईबुवा, बाईले काऊन नाई पाठवलं?”

“सांगतलं होतं ना तिनं, दोनदा,” तो म्हणाला. “पण धान उभा होता, भाऊ.”

दोनदा. म्हणजे भात वाढतानाचं ऐकलं होतं, दारातलंही ऐकलं होतं. माझा आवाज पुरेसा होता. त्यानंतर मी त्याच्याकडं काही मागितलं नाही, आणि हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आईचा चेहरा मला डोळे मिटले की दिसतो. तिचा आवाज मात्र दरवर्षी थोडा थोडा विरत चालला आहे. तेव्हा एकदा ऐकायला मिळाला असता, तर आणखी काही वर्षं पुरला असता.