सुगंधा बाकावरून उठली नाही

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. लहानू सुताराने मला १९९४ साली घडवलं आणि कळवणच्या डोंगराकडच्या एका सरकारी दवाखान्यात आणून ठेवलं. पुढे तिथे गरोदर बायकांच्या एचआयव्ही तपासणीची खोली सुरू झाली. समुपदेशक वैष्णवी मॅडम टेबलापलीकडे बसत आणि बायका माझ्यावर.

२००४ साली सुगंधा आली. सातवा महिना होता, द्राक्षबागेतलं काम सोडून ती गावी परतली होती.

"तपासणीची सक्ती नाही. तू ठरव," मॅडम म्हणाल्या.

"नाय म्हटलं तर इथं बाळंत करणार ना?"

"करणार."

"मग करा तपासणी. पोरासाठी करते."

तिला एचआयव्ही निघाला. ती रडली नाही, पण तिची बोटं माझ्या कडेत रुतली. मॅडमनी समजावलं, "कळा सुरू झाल्या की तुला एक गोळी, जन्मल्यावर बाळाला औषध. बाळाचा धोका खूप कमी होतो."

बाहेर सासू तानुबाई अडून बसली. "काय निघालं? घरातली मोठी मी हाय!"

"आजी, ते सुगंधाचं आहे. वाटेल तेव्हा ती सांगेल."

सुगंधाने नवऱ्याला, मंगळूला, सांगितलं. सासूला सांगायचा मात्र धीर झाला नाही.

दोन महिन्यांनी भर दुपारी ती कळा देत आली. मला तेव्हा रंगकामासाठी व्हरांड्यात काढलं होतं. ती माझ्यावर बसली. नर्सबाईंनी गोळी दिली. तेवढ्यात डॉक्टर सगळ्यांदेखत म्हणाले, "हिला एचआयव्ही आहे. इथे नको, नाशिकला न्या."

शेजारच्या बायका झटकन उठल्या. सोबत आलेली तानुबाईही दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, आता हीसुद्धा जाणार.

"मी हलणार नाय," सुगंधा दात आवळून म्हणाली. "इथं बाळंत करणार म्हटलं होतं."

मॅडम धावत आल्या. "डॉक्टर, तिला नाकारता येणार नाही. आणि हे असं चारचौघांत बोलायचा तुम्हाला अधिकार नाही!"

तेव्हा तानुबाई सुनेला खेटून बसली. "रोग आसंल तर आसंल. पोर नाशकापर्यंत थांबणार हाय का? हातमोजे घाला नि चला आत."

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि हातमोजे चढवले.

मुलगी झाली. तिला लगेच औषध पाजलं. दीड वर्षाने तिची तपासणी झाली, तिला लागण नव्हती. सुगंधाचेही उपचार पुढे नाशिकला सुरू झाले. त्यानंतर ती स्वतः माझ्यावर बसून नव्या बायकांना सांगायची, "मला हाय, माझ्या पोरीला नाय. विचारा काय विचारायचं ते."

आता माझा एक पाय डुगडुगतो. मला अडगळीत टाकलंत तरी माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, शेजारी बसल्याने एचआयव्ही होत नाही. अशा माणसाजवळून कुणी उठून गेलं, तर तुम्ही मुद्दाम तिथे जा आणि खेटून बसा.