ऊब

प्रयोगशाळेच्या दारात दादानं रखवालदाराच्या डोक्यात पहार घातली, तेव्हाच तिला कळलं की आज हा भांडायला आलेला नाही. गर्भपेशींवर काम करणाऱ्या या सख्ख्या बहिणीला तो दोन वर्षं खुनीच म्हणत होता.

"कुठं कोंडलीत गं ती पोरं?" त्यानं तिच्या झिंज्या धरून तिला कपाटावर आपटलं. तिचा दात हलला. गोठवलेल्या गर्भांची टाकी समोरच होती. त्यानं पहारीनं कुलूप फोडलं, पांढऱ्या वाफेत उघडा हात घातला आणि नळ्यांचा जुडगा उपसला. तळव्याचं कातडं धातूला चिकटून सोललं, तरी पठ्ठ्यानं पकड सोडली नाही.

"दादा, अरे आत ठेव! त्या थंडीतच जगतात ती!"

"गप बस, कसाईणी!"

पहार टाकून तो भिंतीशी बसला, शर्टाची बटणं तोडली आणि सगळ्या नळ्या उघड्या छातीशी कवटाळल्या. "आता ऊब मिळेल हं, बाळांनो."

नळ्यांवरचा बर्फ वितळून त्याच्या पोटावरून ओघळू लागला. तिनं पहार उचलली, तोवर तो अंगाई म्हणायला लागला होता.